वजन परत का येतं?

जाड मुलाला घेऊन आईवडील हार्मोनच्या डॉक्टरांकडे जातात तेव्हा मनात बहुतेक एकच संशय असतो: थायरॉइड. डॉक्टर मात्र वजनाचा काटा पाहून झाला की मुलाला भिंतीला टेकवून उभं करतात आणि उंची मोजतात. पालकांना हे चमत्कारिक वाटतं, कारण उंचीबद्दल त्यांची तक्रारच नसते. पण खरी मेख तिथेच आहे. नुसत्या खाण्यापिण्यातून जाड झालेलं मूल बरोबरीच्या मुलांपेक्षा बहुधा उंचच असतं. भरपूर पोषणानं त्याची हाडंही वयाच्या थोडी पुढे धावतात. उलट थायरॉइड ग्रंथी मंदावली किंवा शरीरात कॉर्टिसॉल नको तितकं वाढलं, तर वजन चढतं आणि उंची खुंटते. जाड आणि उंच मूल समोर आलं की ग्रंथीच्या आजाराचा संशय बराचसा मावळतो. जाड आणि बुटकं आलं की तपास सुरू होतो. मोजपट्टी आणि वाढीचा तक्ता, एवढ्या भांडवलावर निम्मं निदान होऊन जातं. रक्ताचे अहवाल नंतर.

मग मान पाहायची. मानेच्या मागे आणि काखेत कातडी काळपट, जाडसर, मखमलीसारखी झालेली असते. कित्येक आया तो मळ समजून दगडानं, उटण्यानं घासत असतात आणि मुलाला वर बोलणीही बसतात. तो मळ नसतो. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की रक्तातलं इन्सुलिन वाढतं आणि कातडीवर त्याची अशी खूण उमटते. त्यानंतर तान्हेपणाची चौकशी. जन्मतःच अंग लुळं, दूध ओढायची ताकद नाही, नळीनं पाजावं लागलं, आणि दोन-चार वर्षांनी तेच मूल अन्नासाठी हपापलेलं झालं, अशी कहाणी ऐकली की प्राडर-विली सिंड्रोमची शंका येते. 1956 साली झुरिकच्या डॉक्टरांनी त्याचं वर्णन केलं. दोष पंधराव्या गुणसूत्रावर असतो. हाताला सहावं बोट आणि रात्री कमी दिसणं, ही जोडी आणखी वेगळ्या आजाराकडे बोट दाखवते.

ही नजर तयार व्हायला वर्षं लागतात. आधी वैद्यकीची पदवी, मग बालरोगशास्त्र, त्यानंतर अंतःस्रावी ग्रंथींचं वेगळं शिक्षण. ही स्वतंत्र शाखा म्हणून उभी राहिली ती अमेरिकेत. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये लॉसन विल्किन्स यांनी 1935 साली मुलांसाठी ग्रंथीविकारांचा दवाखाना सुरू केला. मोठ्यांच्या डॉक्टरला रोगी जसा आज आहे तसा दिसतो. मुलांच्या डॉक्टरला रोगी सतत बदलताना दिसतो आणि बदलाचा वेग हीच त्याची मुख्य नोंद असते. शरीरात कुठलीही गोष्ट ठरावीक मापात वाढत असेल तर ते माप कुठेतरी ठरवलं जात असणार, असा विचार करायची सवय या शाखेत आपोआप लागते. उंचीबाबत हे सगळ्यांना मान्य होतं. वजनाबाबत नव्हतं. वजन म्हणजे खादाडपणा, आळस, घरचे लाड. डॉक्टरांचंही मत पाचपन्नास वर्षांपूर्वी याहून फारसं वेगळं नव्हतं.

अडचण अशी की एवढं शिकून बसलेल्या तज्ज्ञालाही समोरच्या बहुतेक जाड मुलांत यातला कुठलाच आजार सापडत नाही. थायरॉइड ठीक, कॉर्टिसॉल ठीक, गुणसूत्रं ठीक. मग उरतो तो सल्ला: कमी खा, खेळायला जा. तो तर शेजारच्या काकूही देतात, आणि फी घेत नाहीत.

रुडॉल्फ लायबेल या अमेरिकन बाल-अंतःस्रावतज्ज्ञाला हीच गोष्ट 1977 च्या सुमारास बोचली. 1967 साली न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइन्स्टाइन कॉलेजातून ते डॉक्टर झाले, बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये शिकले आणि पुढे हार्वर्डशी संलग्न रुग्णालयात स्थिरावले. तिथे एक आई आपल्या खूप जाड मुलाला घेऊन आली. तपासणी झाली, सांगण्यासारखं काही निघालं नाही. तेव्हा ती मुलाला म्हणाली की चल, या डॉक्टरला काही कळत नाही. बाईंचं म्हणणं खरं होतं, असं लायबेल यांनी पुढे अनेकदा सांगितलं आहे. अशा वेळी दुसरा डॉक्टर रुग्णाला दोष देऊन मोकळा झाला असता. लायबेल यांनी 1978 साली हार्वर्ड सोडलं आणि कमी पगारावर न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात प्रयोगशाळेतला शिकाऊ म्हणून दाखल झाले. तेव्हा ते पस्तिशी ओलांडलेले होते.

रॉकफेलरमध्ये ज्यूल्स हर्श होते. माणसाच्या चरबीचा कण सुईनं काढून पेशी मोजायची रीत त्यांनी बसवली होती. जाड माणसांना महिनोन्‌महिने रुग्णालयात ठेवून, मोजका आहार देऊन त्यांनी बारीक केलं होतं. पाहिलं तर चरबीच्या पेशी आकारानं रोडावल्या होत्या, संख्येनं जवळजवळ तेवढ्याच. माणसं घरी गेली आणि वजन पुन्हा चढलं. चांगल्या हेतूनं, स्वतःहून रुग्णालयात येऊन राहिलेल्या माणसांचं असं होतं, तर प्रश्न मनाच्या निग्रहाचा कसा म्हणायचा? 1986 साली अल्बर्ट स्टंकार्ड यांनी डेन्मार्कमधल्या 540 दत्तक मुलांचा अभ्यास छापला. मोठेपणी त्यांची शरीरयष्टी जन्मदात्या आईबापांशी जुळत होती. ज्यांच्या घरी ती जेवून-खाऊन वाढली त्यांच्याशी तिचा संबंध दिसला नाही.

आनुवंशिक, हे ठीक. पण वारसा मिळतो तो नेमका कशाचा?

उत्तराचा धागा उंदरांत होता. मेन राज्यातल्या बार हार्बर या समुद्रकाठच्या गावी जॅक्सन प्रयोगशाळा आहे, उंदरांच्या वाणांचं जगातलं मोठं भांडार. 1949 च्या उन्हाळ्यात तिथे एका वाणात आपोआप एक दोष उपजला. त्या वाणाचे उंदीर अखंड खात आणि बहिणभावंडांच्या तिप्पट वजनाचे होत. 1950 साली त्यांची नोंद छापून आली. पुढे साठच्या दशकात आणखी एक वाण मिळाला: तोही जाड, शिवाय मधुमेही. तिथल्या डग्लस कोलमन या शास्त्रज्ञानं दोन उंदीर कातडीनं एकमेकांना जोडायचे प्रयोग केले, म्हणजे एकाचं रक्त थोडंथोडं दुसऱ्यात जाईल. प्रयोग ऐकायला क्रूर आहे, आणि आहेच. निकाल मात्र लख्ख होता. मधुमेही जाड्याला साध्या उंदराशी जोडलं की साधा उंदीर खाणं सोडून उपाशी मरे, जाड्या मजेत जाडच राही. मधुमेही जाड्याला पहिल्या वाणाच्या जाड्याशी जोडलं की पहिला वाणवाला अन्न टाकून मरे. पहिल्याला साध्याशी जोडलं तर तो बारीक होऊ लागे. कोलमननं यातून निष्कर्ष काढला की रक्तातून ‘पुरे’ असं सांगणारा काही पदार्थ फिरतो. पहिल्या वाणाला तो बनवताच येत नाही. दुसऱ्या वाणात तो उतू जातो, पण ऐकू येत नाही. कोलमनच्या सहकाऱ्यांतही हे पटायला वेळ लागला, कारण चरबी नुसती साठवण समजली जाई आणि भूक ही वर्तनाची बाब.

घराच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत जसा तरंगता चेंडू असतो, पातळी वर आली की नळ बंद करणारा, तसं काहीतरी शरीरात असावं, असं इंग्लंडच्या गॉर्डन केनेडी यांनी 1953 सालीच मांडलं होतं. आता तो चेंडू हाताशी हवा होता.

लायबेल आणि रॉकफेलरमधलेच जेफ्री फ्रीडमन 1986 पासून त्याच्या मागे लागले. आज जनुक शोधणं संगणकापुढे बसून होतं. तेव्हा उंदरांच्या पिढ्यान्‌पिढ्या पैदा करायच्या, दोष कुठल्या खुणेबरोबर उतरतो हे पाहायचं आणि गुणसूत्रावरची हद्द इंचाइंचानं आवळत न्यायची, असं काम होतं. उंदराच्या सहाव्या गुणसूत्रावरची हद्द आवळायला आठ वर्षं गेली. 1 डिसेंबर 1994 च्या ‘नेचर’मध्ये शोधनिबंध आला. चरबीच्या पेशीत बनणारं, 167 अमिनो आम्लांचं एक प्रथिन. जाड उंदरांत त्याच्या 105 व्या स्थानावर चुकीचा पूर्णविराम पडलेला, म्हणून प्रथिन अर्धवट. त्याला लेप्टिन हे नाव मिळालं. निबंधावर फ्रीडमन आणि त्यांच्या प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यांची नावं होती. लायबेल यांचं नव्हतं. त्यावरून उठलेली कुरबुर पुढे पुस्तकांतही छापून आली. 2010 सालचं लास्कर पारितोषिक कोलमन आणि फ्रीडमन यांना मिळालं. लायबेल 1997 साली कोलंबिया विद्यापीठात गेले. दुसऱ्या वाणाच्या उंदरांत लेप्टिन ऐकणारा ग्राहीच बिघडलेला असतो, हे 1996 साली दाखवणाऱ्यांत त्यांचा गट होता. कोलमनचं वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचं अनुमान असं अक्षरशः खरं ठरलं.

लेप्टिनवरचे हक्क मिळवायला ॲमजेन कंपनीनं 2 कोटी डॉलर मोजले. टोचल्यावर उंदीर बारीक होतात हे 1995 साली दिसलं आणि वर्तमानपत्रांनी जाडीवर इंजेक्शन सापडल्याचं जाहीर करून टाकलं.

माणसात पहिला पुरावा इंग्लंडमधून आला, तोही मुलांतच. केंब्रिजच्या स्टीफन ओ'राहिली यांच्याकडे पाकिस्तानी वंशाच्या कुटुंबातली दोन चुलत-मावस नात्याची मुलं आली. मुलगी आठ वर्षांची, वजन 86 किलो. मुलगा दोन वर्षांचा, 29 किलो. जन्मताना दोघांचं वजन साधारण होतं. दोघांची भूक शमत नसे. अन्न नाकारलं की आकांत. घरातली इतर मुलं मात्र त्याच हातचं जेवण जेवून ठीक होती. सदफ फारूकी ही तरुण डॉक्टर तेव्हा त्या गटात नव्यानंच आली होती. मुलांच्या रक्तात लेप्टिन जवळजवळ नव्हतंच. जनुकातलं एक अक्षर गळालेलं, नात्यातल्या लग्नामुळे दोन्ही बाजूंनी तेच आलेलं. 1997 साली हे छापून आलं, आणि मुलीला रोज लेप्टिनचं इंजेक्शन सुरू झालं. तेव्हा ती नऊ वर्षांची, 94.4 किलोची होती. वर्षभरात 16.4 किलो उतरले, बहुतेक सगळी चरबीच. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे भूक. काही दिवसांतच ती बरोबरीच्या मुलांइतकं जेवून पानावरून उठू लागली. आईबापांना इतकी वर्षं मूल आवरता येत नाही म्हणून ऐकून घ्यावं लागलं असणार. एका प्रथिनानं तो वाद निकाली काढला.

बाकीच्या जगाच्या हाती मात्र निराशा आली. जाड माणसांचं रक्त तपासलं तर लेप्टिन कमी नव्हतं, उलट जास्त होतं. चरबी जितकी अधिक तितकं अधिक. 1999 साली साध्या लठ्ठ माणसांना लेप्टिन टोचून पाहिलं. मोठ्या डोसवर काहींचं वजन थोडंफार उतरलं, धंदा उभा राहावा इतकं नाही. जन्मतः लेप्टिन नसलेली माणसं जगात मोजकीच. त्यांना ते संजीवनी, बाकीच्यांना जवळजवळ पाणी.

इथे बहुतेक लेख लेप्टिनची गोष्ट संपवतात. माझ्या मते तिचा सगळ्यात उपयोगी भाग इथून पुढे आहे आणि तो कमी गाजला. संशोधकांनी प्रश्न उलटा केला. लेप्टिन हे ‘फार झालं’ सांगणारं संप्रेरक नसून ‘कमी पडतंय’ सांगणारं असेल तर? उपास घडवला की उंदरात लेप्टिन झपाट्यानं घसरतं, आणि त्या घसरणीबरोबर थायरॉइड मंदावतं, प्रजनन थांबतं. वरून लेप्टिन दिलं की यातलं बरंच टळतं. अतिरेकी डाएट करणाऱ्या मुलींची किंवा धावपटूंची पाळी का थांबते, याचा मोठा भाग यात उलगडला. लेप्टिनविना वाढलेली माणसं जाड असूनही वयात येत नव्हती, कारण मेंदूच्या लेखी ती उपाशीच होती. दुष्काळ हजारो वर्षांचा, सुबत्ता काल-परवाची. चरबी संपत आल्याची ओरड नीट ऐकू येईल अशी रचना टिकली, जास्त झाल्याची तक्रार क्षीणच राहिली.

मार्च 1995 मध्ये लायबेल, मायकेल रोझेनबॉम आणि हर्श यांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक प्रयोग छापला. लेप्टिनच्या गाजावाजात तो मागे पडला, पण वजनाबद्दलच्या निबंधांत मी तो सर्वांत वर ठेवीन. 18 लठ्ठ आणि 23 कधीच लठ्ठ नसलेली माणसं रॉकफेलरच्या रुग्णालयात राहिली. खायला मक्याचं तेल, ग्लुकोजचा प्रकार आणि दुधातलं प्रथिन कालवून केलेला पातळ आहार. चवीबद्दल निबंध गप्प आहे. प्रत्येकाचं वजन एका ठिकाणी स्थिर करायचं, मग दहा टक्के वाढवायचं किंवा दिवसाला 800 कॅलरींवर ठेवून दहा टक्के उतरवायचं, पुन्हा स्थिर करायचं, आणि शरीर किती इंधन जाळतं ते मोजायचं. दहा टक्के वजन उतरलं की स्नायू-हाडं वगैरे चरबीविरहित वजनाच्या दर किलोमागे रोजचा खर्च 6 ते 8 कॅलरींनी घटत होता. असं 50 किलो वजन असलेल्या माणसाला हा हिशेब लावला तर दिवसाला 300 ते 400 कॅलरी, म्हणजे तीन-चार पोळ्या. अंग लहान झाल्यामुळे जेवढा खर्च कमी व्हायला हवा त्याच्याही खाली ही घट होती. मूळचा 70 किलोचा माणूस आणि 80 वरून 70 वर आलेला माणूस एका काट्यावर सारखेच, पण दुसऱ्यानं पहिल्याएवढं जेवलं तर तो जाड होणार. वाढवताना उलट घडलं, खर्च वाढला. आणि हे लठ्ठांतही झालं, सडपातळांतही.

पुढच्या दहा वर्षांत रोझेनबॉम आणि लायबेल यांनी त्यामागची यंत्रणा उकलली. उतरलेल्या वजनाच्या माणसाचे स्नायू कमी इंधनात तेच काम करतात, थायरॉइडची संप्रेरकं घसरतात, भूक वाढते, पोट भरल्याची जाणीव उशिरा होते. अशा माणसांना थोडंसं लेप्टिन दिलं, फक्त वजन उतरण्यापूर्वीच्या पातळीइतकं, तेव्हा यातलं बरंच पूर्ववत झालं. वजन उतरवायला निरुपयोगी ठरलेलं संप्रेरक उतरलेल्या वजनाबाबत मात्र बोलकं निघालं. डाएट सोडल्यावर वजन परत येण्याला आपण मोह म्हणतो. त्याच्या आत असं हे रसायन असतं.

तरी यावर एक रास्त आक्षेप आहे. 1975 साली जगात 5 ते 19 वर्षांची 1 कोटी 10 लाख मुलं लठ्ठ होती, 2016 साली 12 कोटी 40 लाख. चाळीस वर्षांत जनुकं बदलत नाहीत. बदलली ती बाजारपेठ, वेळापत्रकं, मैदानं, झोप. लायबेल यांच्या पंथातले लोकही हे नाकारत नाहीत. सगळ्यांच्या पुढ्यात तेच अन्न आल्यावर कोण किती वाढेल हे जनुकं ठरवतात. चिप्सचं पाकीट दहा मुलांच्या हातात पडतं, दोघांचंच पोट सुटतं. मूल कमालीचं लठ्ठ असेल आणि अगदी लहानपणापासून, तर मेंदूतला भुकेचा एक विशिष्ट ग्राही सदोष असण्याची शक्यता केंब्रिजच्या अभ्यासात सुमारे सहा टक्के निघाली. ही टक्केवारी लहान वाटेल, पण लेप्टिनच्या अभावापेक्षा ती कितीतरी मोठी आहे.

आपल्या मुलांत आणखी एक गुंता आहे, आणि तो उलगडण्यात पुण्याचा हात आहे. केईएम रुग्णालयाच्या चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची 3.5 किलोची. आपली बाळं सगळ्याच मापात लहान, पोट आणि स्नायू बारीक; खांद्याच्या पात्याखालची चरबी मात्र जवळजवळ राखलेली. लंडनच्या बाळांशी नाळेचं रक्त ताडून पाहिलं तर वजन इतकं कमी असूनही लेप्टिन जवळपास सारखं, आणि इन्सुलिन जास्त. काडीसारखी दिसणारी बाळं आतून चरबीचीच. याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला: दोघांचा बीएमआय 22.3, चरबी युडकिनांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2. म्हणून आपल्याकडे मुलांच्या तक्त्यावरची धोक्याची रेघ खाली आणावी लागली. पुण्याचेच वामन आणि अनुराधा खाडिलकर यांचा ज्यात मोठा वाटा आहे, त्या भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या 2015 च्या तक्त्यांत प्रौढांच्या 23 आणि 27 बीएमआयला जुळणाऱ्या रेघा आहेत. पाश्चात्त्य हिशेबात त्या 25 आणि 30 ला जुळतात. ‘गुटगुटीत आहे, खात्यापित्या घरचं आहे’ म्हणून ज्याचं कौतुक होतं ते मूल या तक्त्यावर कधी कधी रेघ ओलांडून गेलेलं असतं.

औषधांचं चित्र आता पालटलं आहे. लेप्टिन ज्या मार्गानं मेंदूला हाक घालतं त्यात मोजक्या जनुकांचा बिघाड असेल तर सेटमेलानोटाइड हे औषध सहा वर्षांवरच्या मुलांना द्यायला अमेरिकेत 2020 साली परवानगी मिळाली. साध्या लठ्ठपणात सेमाग्लुटाइडनं बाजी मारली. 12 ते 17 वर्षांच्या मुलांवरच्या चाचणीत 68 आठवड्यांत बीएमआय सरासरी 16.1 टक्क्यांनी उतरला; नुसत्या सल्ल्यावर ठेवलेल्यांचा किंचित वाढला. हे 2022 साली छापून आलं आणि त्याच डिसेंबरात अमेरिकेत या वयोगटासाठी परवानगी मिळाली. पण प्रौढांवरच्या चाचणीत औषध थांबवल्यावर एका वर्षात उतरलेल्या वजनापैकी दोन-तृतीयांश परत आलं. 1995 चा रॉकफेलरचा निबंध ज्यांनी वाचला होता त्यांना यात नवल वाटलं नाही. बारा वर्षांच्या मुलाला हे इंजेक्शन सुरू करायचं तर ते किती वर्षं चालू ठेवायचं, हाडांची वाढ चालू असताना भूक इतकी दाबल्याचा परिणाम उंचीवर, वयात येण्यावर काय होईल, हे विचारायला पालक आता बाल-अंतःस्रावतज्ज्ञांकडे येऊ लागले आहेत. डॉक्टर पुन्हा मुलाला भिंतीशी उभं करून उंची मोजतात, दर तीन महिन्यांनी तक्त्यावर टिंब टाकतात आणि रेघ कुठे जाते ते पाहतात. 68 आठवड्यांपलीकडचा पुरावा गोळा व्हायला ती मुलं मोठी व्हावी लागतील.